दुपारी दोन ते चार, पाड्याच्या क्लबात

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताने पहिल्यांदाच स्त्री-खेळाडू पाठवल्या. त्या चौघी होत्या. मेरी डिसूझा आणि डॉली नाझीर मुंबईच्या, नीलिमा घोष आणि आरती साहा बंगालच्या. आरती तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती. पुढे सात वर्षांनी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पोहत निघून १६ तास २० मिनिटांत तिने इंग्लंडचा किनारा गाठला. इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९६० मध्ये तिला पद्मश्री मिळाली, तीही भारतीय स्त्री-खेळाडूला मिळालेली पहिली. तिच्यामागून बुला चौधुरीने हीच खाडी दोनदा ओलांडली, ज्योतिर्मयी सिकदारने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत दोन सुवर्णपदकं आणली आणि चाकदहाहून पहाटेची लोकल पकडून कोलकात्यात सरावाला येणारी झूलन गोस्वामी जगातल्या अव्वल वेगवान गोलंदाजांत जाऊन बसली. एवढी परंपरा ज्या कोलकाता शहराच्या पाठीशी आहे, तिथल्या सामान्य बायका व्यायामात इतरांच्या चार पावलं पुढे असतील असं कोणालाही वाटेल.

तसं ते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पश्चिम बंगालमधल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ७१.४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. त्याच राज्यात २२.७ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. म्हणजे रक्त कमी आणि चरबी जास्त अशा दोन्ही तक्रारी एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात नांदतात. हालचालीचं चित्रही असंच आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. असे आकडे आले की आपल्याकडे उपदेशाला ऊत येतो. बायका स्वतःकडे लक्ष देत नाहीत, त्यांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही, दुपारी मालिका बघत बसतात, वगैरे. या लेखाचं म्हणणं याच्या उलट आहे. व्यायाम चांगला, हे कोलकात्यातल्या कुठल्याही बोउदीला (वहिनीला) किंवा माशीमांना (मावशींना) सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे दोन गोष्टी नाहीत: दिवसातला एक हक्काचा तास, आणि त्या तासात जिथे कोणी हटकणार नाही अशी जागा.

आरती साहाचीच गोष्ट या दृष्टीने पाहावी. तिची जिद्द सगळे सांगतात. पण जिद्दीला वाव मिळाला तो आधीच्या दोन गोष्टींमुळे. उत्तर कोलकात्यात घराजवळ गंगेचा घाट होता आणि लहानग्या आरतीला चांपातला घाटावर पोहायला नेण्यासाठी काका वेळ काढत होते. तिथून ती हाटखोला स्विमिंग क्लबात गेली. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत पोहण्याचं सुवर्ण जिंकणाऱ्या सचिन नाग यांनी तिथे तिला घडवलं. घाट, क्लब आणि सोबतीला मोकळं माणूस, हे तिन्ही एका मुलीच्या वाट्याला आलं. बाकीच्या हजारो मुलींपैकी कितींना यातलं एक तरी मिळालं असेल?

बंगालच्या इतिहासात स्त्रीच्या व्यायामाला परवानगी मिळालेली दिसते, पण ती दरवेळी कुठल्यातरी मोठ्या कार्यासाठी. रवींद्रनाथांची भाची सरलादेवी हिने १९०२ च्या सुमारास बालीगंजला वडिलांच्या घरी आखाडा काढला, उस्ताद ठेवून लाठी आणि तलवार शिकवण्याची सोय केली. मात्र आखाडा काढणारी स्त्री आणि शिकणारे सगळे तरुण पुरुष! १९२८ मध्ये कोलकात्यात छात्री संघ निघाला, तेव्हा कॉलेजातल्या मुलींच्या हातात लाठी आली. बीना दास याच संघातली. तिने ६ फेब्रुवारी १९३२ रोजी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गव्हर्नर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. देशासाठी मनगट बळकट करायला समाजाची हरकत नव्हती. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये ताकागाकी या जपानी शिक्षकाला ज्यूदो शिकवायला शांतिनिकेतनात आणलं, मुलींनाही त्यात घेतलं आणि १९३१ मध्ये कोलकात्याच्या न्यू एम्पायर थिएटरात त्यांचं प्रात्यक्षिक करवलं. हे खरोखरच काळाच्या पुढचं पाऊल होतं. परंतु शहराने त्याची नक्कल केली नाही, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलं. पन्नासच्या दशकात विष्णुचरण घोष यांच्या व्यायाम महाविद्यालयात तयार झालेली रेबा रक्षित सर्कशीत छातीवर हत्ती उभा करून घेई. लोकांनी तिकिटं काढून ते पाहिलं. त्याच काळात लावण्य पालित यांनी स्त्रियांसाठी आसनांचं पुस्तक लिहिलं. मला रेबाच्या हत्तीपेक्षा त्या पुस्तकाचं मोल अधिक वाटतं, कारण त्यात सामान्य बाईने सामान्य दिवशी काय करायचं याचा विचार होता. इतिहासाने लक्षात मात्र हत्ती ठेवला.

आता ते मोठं कार्य बदललं आहे. देशाची जागा वजनाच्या काट्याने घेतली. लग्नाआधी बारीक व्हायचं, बाळंतपणानंतर पूर्ववत व्हायचं, दुर्गापूजेच्या आधी दोन महिने जिमचे पैसे भरायचे. या हेतूने सुरू केलेला व्यायाम टिकत नाही, कारण काटा फार सावकाश हलतो आणि तो हलला नाही की बाई स्वतःला दोष देऊन थांबते. शिवाय काटा आपल्या लोकांची दिशाभूलही करतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही आत चरबी बाळगून असतं आणि स्नायू कमी असतात, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायूच तोकडे असतील तर बारीक दिसणाऱ्या बाईलाही मधुमेह गाठू शकतो. "मी तर बारीकच आहे, मला कशाला व्यायाम?" या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

हाडांचा हिशेब आणखी निकडीचा आहे. हाडांची भरती साधारण तिशीपर्यंत होते, मग गळती सुरू होते, आणि पाळी गेल्यावर ती वेग घेते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे आयुष्याची तीसेक वर्षं ती अशा काळात काढते, जेव्हा हाडाला आधार मिळतो तो मुख्यतः त्यावर पडणाऱ्या भारातून आणि त्याला ओढणाऱ्या स्नायूंतून. चालण्याने हृदयाला फायदा होतो, पण मनगट, पाठ आणि खुबा यांसाठी ताकदीचा व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल सांगते आणि त्याबरोबर निदान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. आपल्याकडे पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे, दुसरा बायकांना कोणी सांगतच नाही. हुरूप वाढवणारी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. अमेरिकेतल्या चार लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत अकाली मृत्यूचा धोका २४ टक्क्यांनी कमी दिसला, पुरुषांत १५ टक्क्यांनी. पुरुषांना आठवड्याला ३०० मिनिटांत जेवढा लाभ झाला, तेवढा स्त्रियांना १४० मिनिटांतच झाला. अभ्यास अमेरिकेतला आहे आणि निरीक्षणावर आधारलेला आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे कोलकात्याला लावू नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे: ज्यांच्याकडे वेळ कमी, त्यांना थोड्या वेळात जास्त मिळतं.

ताकदीचा व्यायाम म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंडी वजनं येतात. प्रत्यक्षात सुरुवात एका खुर्चीवर होते. हात छातीशी घडी करून, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. बसताना धपकन न पडता तीन अंक मोजत खाली जायचं, खरं काम तिथेच होतं. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला टेकवायचे, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यायची आणि ढकलून परत यायचं. लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरल्या की हातात एकेक किलो आलं. पायरीवर उभं राहून टाचा उचलायच्या. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत. ती सहज जाऊ लागली की संख्या किंवा वजन वाढवायचं. वीस मिनिटांत एवढं सगळं होतं आणि साडी नेसूनही करता येतं.

यावरची पहिली हरकत घराघरांत ठरलेली आहे: घरकाम हाच बायकांचा व्यायाम. सासू म्हणते, नवरा म्हणतो, बाईसुद्धा म्हणते. बंगाली स्वयंपाकघरातली बोंटी आणि आपली विळी सख्ख्या बहिणी. जमिनीवर उकिडवं बसून मासे आणि भाजी चिरणाऱ्या जुन्या पिढीच्या गुडघ्यांना आणि कमरेला त्यातून काही ना काही मिळत होतं, हे खरं आहे. आता ओटा आला, मिक्सर आला, आणि हालचाल गेली तरी दमणूक राहिली. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करायला किंवा भांडी घासायला शरीराला विश्रांतीच्या साधारण दुप्पट ऊर्जा लागते. मध्यम व्यायाम म्हणवायला ती निदान तिप्पट हवी, झपाझप चालताना ती चौपटीच्या घरात जाते. शिवाय घरकामाचा भार कधी वाढत नाही. तीच कढई, तीच बादली वीस वर्षं उचलली तर स्नायूला नवं काही करावं लागत नाही, फक्त पाठ दुखते. बाई दिवसभर थकते आणि तरीही सशक्त होत नाही, यात विरोधाभास वाटण्याचं कारण नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. व्यायाम हे खाऊनपिऊन सुखी बायकांचं खूळ, असं म्हटलं जातं. दक्षिण चोवीस परगण्यातून कॅनिंग लोकलने ढाकुरिया, बालीगंज, जादवपूरला उतरून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तुम्ही व्यायाम करायला सांगणार का? नाही. तिच्या वाट्याला हालचाल भरपूर आहे. तिला विश्रांती, पोटभर प्रथिनं आणि सुट्टीचा दिवस मिळायला हवा. कामातले श्रम आणि स्वतःसाठी केलेला व्यायाम शरीरावर सारखे परिणाम करतात असं संशोधकही मानत नाहीत. श्रमात उसंत नसते, तेच स्नायू तासन्‌तास ताणले जातात आणि थांबायचं कधी हे दुसराच कोणी ठरवतो. पण यावरून व्यायामाचा प्रश्न श्रीमंतांचा ठरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या मधुमेह-पाहणीत महाराष्ट्रही होता, तिच्यात खेळ, फिरणं किंवा व्यायाम अशी फावल्या वेळातली हालचाल करणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. एकाला फावला वेळच नाही, दुसऱ्याला आहे पण तो सोफ्यावर जातो. दोघांचा प्रश्न वेगळा, उपाय वेगळा.

रक्तक्षयाची हरकत मी खुल्या मनाने मान्य करतो. दहापैकी सात बायकांचं रक्त कमी असेल तर त्यांना पळा म्हणणं क्रूरपणाच आहे. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती आळशी नसते, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य कमी असतं. म्हणून कुठल्याही महिला व्यायामवर्गाची सुरुवात हिमोग्लोबिनच्या तपासणीने व्हावी. १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. चहाच्या शहरात हे मुद्दाम सांगावं लागतं. फारच कमी असेल तर आधी उपचार, व्यायाम नंतर. किंचित कमी असेल तर हळू चालणं आणि खुर्चीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू ठेवता येतो.

आता जागेकडे येऊ. कोलकात्यात रवींद्र सरोवर आहे, मैदान आहे, व्हिक्टोरियाची बाग आहे. पहाटे तिथे साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेल्या बायका झपाझप फेऱ्या मारताना दिसतात. पण त्या त्याच भागात राहणाऱ्या. उत्तर कोलकात्याच्या गल्लीत किंवा बेहालाच्या आतल्या वस्तीत राहणारीला तिथे पोचायलाच तास लागेल. पदपथ फेरीवाल्यांनी भरलेले. सायकल म्हणाल तर २०१३ मध्ये पोलिसांनी शहरातल्या १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली होती. पुढे यादी लहान झाली तरी मुख्य रस्ते सायकलस्वाराचे नाहीतच. हिवाळ्यात पहाटे हवा सर्वांत दूषित, तीच नेमकी फिरण्याची वेळ. आणि अंधार पडल्यावर? ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हजारो बायका रस्त्यावर आल्या. रात्र आमचीही आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याच आठवड्यात सरकारने सूचना काढली की शक्य तिथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कान उपटले, सुरक्षा द्या, मनाई करू नका. व्यायामाच्या बाबतीत घरोघरी नेमकी अशीच सूचना रोज निघते: उशीर झाला, आता नको जाऊस.

मग उरते दुपार. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. पहाट डब्यांची, संध्याकाळ मुलांच्या अभ्यासाची आणि रात्रीच्या जेवणाची. गृहिणीच्या हातात असतात ते दोन ते चार हे तास, आणि आपल्या शहरांतली बरीच उद्यानं नेमकी तेव्हा कुलूपबंद असतात. पुण्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय कोलकात्याच्या वैशाखात उघडी असली तरी त्या उन्हात कोण जाणार? सावली आणि पंखा असलेली खोली हवी, चालत पाच मिनिटांवर.

अशी खोली कोलकात्याच्या जवळजवळ प्रत्येक पाड्यात, म्हणजे आळीत, आहे. तिला क्लब म्हणतात. आत कॅरम बोर्ड, त्यावर लोंबणारा दिवा, कोपऱ्यात रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात धूळ खाणारे चषक आणि भिंतीवर नेताजी. संध्याकाळी तिथे पुरुषांचा अड्डा जमतो. दुपारी कुलूप असतं. यातले काही क्लब मुळात व्यायामासाठीच निघाले होते. सिमला व्यायाम समितीचं दुर्गापूजेत मोठं नाव आहे, पण १९२६ मध्ये अतींद्रनाथ बसूंनी ती काढली ती तरुणांच्या शरीरसाधनेसाठी. आखाड्याचा क्लब झाला, क्लबाची पूजा समिती झाली, व्यायाम नावापुरता उरला. या क्लबांत सार्वजनिक पैसाही येतो. क्रीडासाहित्यासाठी हजारो क्लबांना सरकारी अनुदानं मिळाली. पूजेचं अनुदान २०१८ मध्ये दहा हजार रुपये होतं, २०२५ मध्ये ते एक लाख दहा हजारांवर गेलं, आणि ते चाळीस हजारांवर समित्यांना मिळालं. त्या पैशाला एक अट जोडावी: आठवड्यातले चार दिवस, दुपारी दोन ते चार, क्लबाची खोली पाड्यातल्या बायकांसाठी उघडी राहील. खुर्च्या तिथे आहेतच.

क्लबातले पुरुष विरोध करतील, अशी शंका रास्त आहे. करतील. पण दुपारी ते तिथे नसतात, त्यामुळे त्यांचं काही हिरावलं जात नाही. शिकवायला कोण? योगासनांचे शिक्षक बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत, आणि अनुदानाचा छोटासा वाटा एका प्रशिक्षिकेच्या मानधनाला पुरेल. बायका येतील का? पहिल्या महिन्यात थोड्या येतील. शेजारीण जाते म्हटल्यावर दुसरी जाते आणि 'लोक काय म्हणतील' या प्रश्नातले लोकच वर्गात येऊन बसतात. एकटीने सुरू केलेला व्यायाम पाहुणे आले, सण आला की मोडतो. ठरलेल्या वेळी ठरलेल्या चारजणी वाट पाहत असतील तर तो सहजी मोडत नाही.

हे सगळं कोलकात्याबद्दल असलं तरी महाराष्ट्राला परकं नाही. आपल्याकडेही तालमी होत्या, तालमींतून मंडळं झाली, मंडळांना खोल्या मिळाल्या, समाजमंदिरं उभी राहिली, आणि बायकांच्या वाट्याला श्रावणातल्या मंगळागौरीची एक रात्र उरली. तेव्हा यंदा गणपतीची वर्गणी मागायला कार्यकर्ते दारात येतील, त्यांना चहा द्या, वर्गणीही द्या. पावती हातात घेण्याआधी मात्र एक विचारा: वर्षातले उरलेले दिवस मंडळाची खोली दुपारी कोण वापरतं, आणि ती सोमवारपासून आम्हाला मिळेल का?